सटवीच्या नावावर खपवलेले खून

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बायांनो,

आधी तुम्ही पुढं या. विषय तुमचा, आणि तुम्हीच मागं. पुढच्या रांगेत सगळे बाह्या सरसावलेले तरुण. काल त्यातलाच एकजण मला म्हणाला, "ताई, बाळंतपणावर कसलं भाषण? तो घरातला प्रश्न. आपण अत्याचारावर बोलू." मी म्हटलं, बाबा, मी अत्याचारावरच बोलणार आहे. या अत्याचारात कुऱ्हाड दिसत नाही, जळकं घर दिसत नाही, पंचनामा होत नाही. बाई खाटेवर मरते, लोक हळहळतात, आणि म्हणतात, नशीब तिचं. आरोपी मोकळा सुटतो. त्या आरोपीला आज आपण नावानिशी पुढं बोलवू.

मी गेली बावीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत नोकरी करते. स्टाफ नर्स. माझी आजी सुईण होती, मांगवाड्यातली. गावात कुणाची बाई अडली की रात्री-बेरात्री तिला हाक यायची. वाड्याच्या मागच्या दारानं तिला आत घ्यायचे. तिनं बाळ काढायचं, नाळ कापायची, वार पुरायची, रक्तानं भरलेली लुगडी धुवायची. सगळं उरकलं की वरूनच तिच्या पदरात पायलीभर जोंधळे टाकायचे. नाळ कापायला आजीचा हात चालत होता, पाण्याच्या हंड्याला चालत नव्हता. बघा हिशोब कसा आहे. या देशानं माणूस जन्माला येणं हाच विटाळ ठरवला, आणि विटाळाची बाकीची कामं ज्यांच्या गळ्यात मारली त्यांच्याच गळ्यात हेही मारलं. त्या हाताला साबण दिला नाही, पाटी दिली नाही. आणि बाळ दगावलं की म्हणायला मोकळे, सुईण अडाणी होती.

त्याच आजीची स्वतःची अकरा बाळंतपणं. पाच जगली. ती सांगायची, बाळ चांगलं रडलं, चांगलं पिलं, पाच-सहा दिवसांनी एकाएकी त्यानं चोखायचं सोडलं, जबडा आवळला, अंग धनुष्यागत ताठ झालं, आणि गेलं. आपल्याकडं पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवी पुजतात. रात्री कोरा कागद न् लेखणी ठेवतात. सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. नेमक्या त्याच दिवसांत बाळ ताठ होऊन जायचं, म्हणून आजीचा पक्का हिशोब, सटवीनं आयुष्य कमी लिहिलं.

दोस्तांनो, तो धनुर्वात होता. गंजक्या विळ्यानं कापलेली नाळ, त्यावर लावलेली राख नाहीतर शेण, त्यातून जंतू आत शिरायचा आणि आठवड्याच्या आत बाळ न्यायचा. यावर इलाज काय? पोटुशी बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, कोरं पातं, स्वच्छ दोरा आणि धुतलेले हात. बस्स. या देशात एकेकाळी वर्षाला दीड-दोन लाख तान्ह्या बाळांना धनुर्वात व्हायचा. इंजेक्शन गावोगाव पोचलं, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की भारतात आई-बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं. आता मला सांगा, सटवीनं आपलं अक्षर बदललं का? तिची लेखणी एका सुईनं मोडली. मग जी लेखणी सुईनं मोडते ती देवीची कशी?

हे एक धरून ठेवा आणि पुढं ऐका.

बाया बाळंतपणात का मरतात? अंगावरून रक्त जाऊन मरतात. बीपी चढून झटके येऊन मरतात. जंतू भरून, ताप येऊन मरतात. कळा अडून मरतात. चोरून, धोक्यात केलेल्या गर्भपातानं मरतात. आणि या सगळ्याच्या खाली पाया कसला, तर अंगात रक्तच नाही याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांच्या अंगात रक्त कमी होतं. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी, खरवडलेलं खाणारी बाई. धडधाकट बाईला जेवढा रक्तस्राव सोसतो, त्याच्या अर्ध्यात ही संपते.

आता इलाज ऐका. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन. त्यानं पिशवी आकसते, रक्त थांबतं. इंजेक्शन गार ठेवायला फ्रीज नसेल तिथं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत. तरी रक्त थांबलं नाही तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, तेही तीन तासांच्या आत. झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट. हे एक साधं मीठ आहे, महागडी दवा नाही. जंतूंना अँटिबायोटिक. यातलं काही चंद्रावरून आणायचं नाही. पण रक्त जायला लागलं की बाईच्या हातात दोनेक तास असतात. म्हणजे हा सगळा मामला वेळेचा. दवा ठाऊक आहे, दवा स्वस्त आहे, आणि तरी बाई मरते. मधे काय आडवं येतं? उशीर.

आरोग्यशास्त्रात या उशिराचे तीन भाग करतात. पहिला, दवाखान्यात जायचं ठरवायला लागलेला उशीर. दुसरा, तिथं पोचायला लागलेला उशीर. तिसरा, दारात पोचल्यावर हात लागेपर्यंतचा उशीर. पुस्तकात हे तीन ओळींत येतं. मला ते माझ्या आक्कानं शिकवलं.

२००१ सालची गोष्ट. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आक्का आणि दाजी ऊसतोडीला गेलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्याला उचल घेतलेली. आक्काला आठवा लागलेला, तरी पहाटे चारला फडात, डोक्यावर मोळी. तीन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. तोंड सुजलेलं, डोळ्यापुढं काजवे. दाजी मुकादमाकडं गेला. मुकादम म्हणाला, "बाई बसली तर खाडा पडंल. उचल काय तुजा बाप फेडणार?" मग टपरीवरून डोकं दुखायची गोळी आणली आणि ती परत फडात गेली. हा पहिला उशीर. लोक म्हणतात, अडाणी लोक वेळेवर निर्णय घेत नाहीत. अहो, निर्णय घ्यायचा हक्क आगाऊ पैसे देऊन विकत घेतलेला होता.

चौथ्या दिवशी पहाटे खोपीत तिला झटका आला. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. बैलगाडीनं डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून कुणाचा तरी टेम्पो. साडेचार तास. हा दुसरा उशीर. फडातला ऊस मात्र वाळायच्या आत कारखान्यात पोचलाच पाहिजे, त्याच्यासाठी रस्ता होता, वाहन होतं, घड्याळ होतं.

पहिल्या दवाखान्यात विचारलं, "कुठले?" दाजी म्हणाला, "ऊसतोडीचे." मग नाव, आडनाव. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तुम्हाला सांगायला नको. बीपी बघितलं नाही. इंजेक्शन दिलं नाही. "इथं होणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या." चिठ्ठीसुद्धा दिली नाही. दुसऱ्या दवाखान्यात ती व्हरांड्यात, खालीच, बाळ पोटात घेऊन गेली. हा तिसरा उशीर. आईनं ऊर बडवत म्हटलं, सटवीनं तेवढंच लिहिलं होतं गं.

दोन महिन्यांनी माझ्या परीक्षेचा धडा आला. चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी, वाढलेलं बीपी, मग झटके. मी वाचत होते आणि पानावर आक्का दिसत होती. नंतर कळलं की झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटच सगळ्यात चांगलं, हे १९९५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीनं सिद्ध करून टाकलं होतं. आक्का गेली २००१ ला. म्हणजे जगाला ठाऊक होऊन सहा वर्षं झाली होती. ते इंजेक्शन सहा वर्षांत आक्काच्या दंडापर्यंत पोचलं नाही. हा काय रोगानं आलेला मृत्यू म्हणायचा?

म्हणून मी म्हणते, उशिराला जात असते. उशिराला वर्ग असतो. आणि उशिराला लिंगही असतं, कारण ठरवणारा पुरुष असतो आणि मरणारी बाई.

कुणी म्हणेल, ताई भावनेवर चालल्या. घ्या आकडे. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागं केरळात १९ माता गेल्या, आसामात १९५. एकच देश, एकच वर्षं, दहापट फरक. महाराष्ट्राचा आकडा ३३. आता सटवी मल्याळीत कमी लिहिते आणि असमियात जास्त, असं तर नाही ना? केरळात दवाखाना जवळ आहे, बाई शिकलेली आहे, आणि नर्स जागेवर सापडते. बाळांचं बघा. २०१५-१६ च्या कुटुंब पाहणीत वर्षाच्या आत दगावणारी बाळं अनुसूचित जातींत हजारी ४५, आणि दलित-आदिवासी-ओबीसी सोडून बाकीच्यांत ३२. जन्मल्याबरोबर हजारामागं तेरा बाळांचा फरक! आणि मातामृत्यूचा आकडा सरकार राज्यवार छापतं, जातवार छापत नाही. नोकरीच्या फॉर्मवर जात लागते, शाळेच्या दाखल्यावर लागते, आणि बाई मेली की मात्र सगळे एकाएकी समतावादी होतात!

आता "अडाणी सुईण" या शिवीकडं येते. १८४७ सालचं व्हिएन्ना शहर. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि डॉक्टरकीची पोरं, दुसऱ्यात सुइणी. आणि बाया जास्त कुठं मरायच्या? डॉक्टरांच्या विभागात. शंभरात दहाच्या आसपास. सुइणींकडं त्याच्या निम्म्याहून कमी. कारण डॉक्टर लोक मुडदे फाडून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडं यायचे. सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरनं सांगितलं, क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवा. मृत्यू झपाट्यानं खाली आले. पण आमचे हात मळके कसे, म्हणून बड्या डॉक्टरांनी त्याची टर उडवली. शेवटी तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. सांगायचं हे की ज्ञान कुणाच्या जातीत, डिग्रीत, कोटात राहत नाही. ते धुतलेल्या हातात राहतं.

याचा दुसरा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ ते ९८ या काळात गावातल्याच थोडं शिकलेल्या बाया तयार केल्या. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत, शेजारच्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. माझ्या आजीच्या हाताला पाटी, साबण, घड्याळ आणि वजनकाटा मिळाला असता तर तिनं हेच केलं असतं. त्या प्रयोगातून शिकून २०११ पासून देशभर आशा बाई घरी जाऊन बाळ बघायला लागली. पण तिला पगार नाही, मानधन. म्हणजे पायलीभर जोंधळेच, पण आता बँकेच्या खात्यात.

बाळाला वाचवायला काय लागतं तेही ऐका, कारण पुढं बसलेले निम्मे जण बाप होणार आहात. जन्मल्याबरोबर कोरडं पुसायचं. रडलं नाही तर पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कनं श्वास द्यायचा. उलटं टांगून झोडपायचं नाही. लगेच आंघोळ घालायची नाही. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, आणि पिवळा चीक पाजायचा, पिळून टाकायचा नाही. तो बाळाचा पहिला डोस आहे. बाळ कमी वजनाचं असेल तर आईच्या उघड्या छातीला लावून बांधायचं. १९७८ साली कोलंबियात, बोगोटा शहरात, पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग काढला. पुढं कळलं की ती गरिबाची तडजोड नव्हती, उपचारच होता. २०२१ साली छापलेल्या एका अभ्यासात, ज्यात भारतही होता, जन्मल्याबरोबर असं छातीला लावलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्शानं कमी झाले. आणि बापाची छातीही चालते बरं का. मोर्चात पुढं काढता ती.

मित्रांनो, हा विषय चळवळीच्या बाहेरचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपली चळवळ वाचलेली नाही. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं कुणाची बाळंतपणं? समाजानं टाकलेल्या ब्राह्मण विधवांची. बाबासाहेब आणि रमाईची पाच लेकरं, त्यातली चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. एकटा यशवंत उरला. आपण रमाईच्या त्यागावर गाणी म्हणतो, पण चार लेकरं कशानं गेली हे विचारत नाही. बाबासाहेबांनी विचारलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला तो कायदा झाला. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो सभागृहानं पाडला.

तो विसावा आज कुठपर्यंत आला? २०१७ साली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ऑफिसातल्या बाईला मिळाली, मिळालीच पाहिजे. पण फडातली बाई, नाक्यावरची बाई, कचरा वेचणारी बाई, चार घरची भांडी घासणारी बाई, हिचा मालक कोण आणि रजा कुणाकडं मागायची? १९२८ सालचा प्रश्न फडात अजून तसाच उभा आहे.

आणि हे फक्त गरिबीचं आहे असंही समजू नका. अमेरिका पैशानं काही कमी नाही. २०२३ साली तिथं लाख जन्मांमागं ५० काळ्या माता गेल्या, गोऱ्या साडेचौदा. त्याच देशात काळ्या पँथरांनी १९६९ नंतर वस्त्यावस्त्यांत मोफत दवाखाने काढले. १९७२ साली आपण मुंबईत त्यांचं नाव घेतलं. नाव गाजलं. दवाखान्याचं काम मात्र मागं राहिलं. ही टीका मी बाहेरून करत नाही. आमच्याही घरात चळवळ होती, आणि बायको कळा देत असताना नवरा सभेत होता.

तर आता करायचं काय? नुसत्या घोषणा देऊन उठायचं नाही.

एक. वस्तीतल्या प्रत्येक गरवार बाईची यादी करा. तिचं हिमोग्लोबिन, बीपी, रक्तगट आणि तारीख त्या यादीत पाहिजे. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर थांबायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

दोन. धोक्याच्या खुणा पाठ करा, पोरांनीसुद्धा. अंगावरून जाणं, सतत डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंडा-हातावर सूज, ताप, पाणी जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं. बाळाचं बघायचं तर चोखायचं सोडलं, अंग गार पडलं, छाती आत ओढली जाते, श्वास मिनिटाला साठाच्या वर. यातलं एक दिसलं की सासू, नवरा, मुकादम, कुणाची परवानगी मागायची नाही. हा पहिला उशीर मोडायचा.

तीन. रात्री दोनला गाडी कोण काढणार त्याचं नाव आज ठरवा. १०८ ला फोन कोण लावणार तेही. रक्त देणाऱ्यांची यादी रक्तगटासह. बाबासाहेबांच्या जयंतीला डीजेवर जेवढा खर्च होतो त्यात ही व्यवस्था वर्षभर चालते. हा दुसरा उशीर.

चार. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं फुकट ठरवलेलं आहे. कुणी चिरीमिरी मागितली, बाहेरून औषध आणायला लावलं, तर दोघा-चौघांनी जाऊन शांतपणे विचारा. "पुढं न्या" म्हटलं तर लेखी चिठ्ठी मागा. बीपी किती, कोणतं इंजेक्शन दिलं, किती वाजता, हे त्यात लिहून घ्या. नर्सला शिव्या देऊ नका. माझ्यासारखी एकटी बाई रात्रपाळीला सहा-सहा खाटा बघत असते. जागा का भरल्या नाहीत हे वरच्याला विचारा. हा तिसरा उशीर.

पाच. आणि तरीही बाई गेली, तर तिला नुसती पोचवून येऊ नका. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हायची सरकारी पद्धत आहे. तिच्या फॉर्मात हे तिन्ही उशीर विचारलेले असतात. चौकशी झाली का, काय निघालं, विचारा. आणि जातवार आकडा मागा. आपण खुनाच्या खटल्यात साक्षीदार उभे करतो ना? इथंही करा.

बायांनो, शेवटी तुम्हाला. पाचवी पुजायची का नाही, ते तुम्ही ठरवा. मी कुणाच्या पाटा-वरवंट्याला लाथ मारायला आलेली नाही. पण येत्या पाचवीला कोरा कागद कोरा ठेवू नका. त्यावर तुम्ही लिहा. बाळाचं वजन. आईचं हिमोग्लोबिन. लशीची तारीख. आशाबाईचा फोन. रात्री सटवी आलीच तर तिला म्हणा, बाई, लिहून झालंय. आमच्या कपाळावर आता आम्हीच लिहितो.

माझी आक्का असती तर आज पन्नाशीची असती. ती या सभेत मागं बसली असती. मी तिला पुढं बोलावलं असतं.

जय भीम.